घोडी पिसाळलेली नव्हती

बाबा, आत्याची घोडी पिसाळलेली नव्हती. हे वाक्य मी एकदा तुमच्या तोंडावर बोलले होते आणि तुम्ही मला चूप बसायला सांगितलं होतं. तुम्ही होता तोवर मी चूप बसले. तुम्ही गेल्यावर ज्याला सांगायचं तोच उरला नाही. आता मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे, केस पांढरे झाले आहेत, आणि चूप बस म्हणणारं घरात कोणी नाही. राग तेवढा तसाच आहे. इतक्या वर्षांनी तो निवला असेल असं समजू नका. मी तो निवू दिलेला नाही.

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आता जनावरांचे डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजात शिकवते. तिच्या पिशवीत एक अंक होता, त्यातला एक लेख तिने मला वाचायला ठेवला. "बाई, तुमचे वडील सलोत्री होते ना, तुम्हाला आवडेल," म्हणाली. लेख घोड्यांच्या मेंदूच्या एका आजाराबद्दल होता. आजार विषाणूचा. तो बगळ्यांमध्ये आणि डुकरांमध्ये राहतो, त्यांचं फारसं काही बिघडत नाही. मच्छर त्यांना चावतो आणि नंतर घोड्याला किंवा माणसाला चावतो. पुष्कळ घोड्यांना काहीच होत नाही. काहींना होतं, आणि त्यातले काही मरतात, काही चार-आठ दिवसांत उठून उभे राहतात. आजारी घोड्यापासून दुसऱ्या घोड्याला तो लागत नाही, माणसालाही लागत नाही. त्या घोड्याला चावलेला मच्छरसुद्धा तो पुढे नेत नाही. घोड्यापाशी त्या आजाराची वाट संपते. हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग अंक मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलाच तांब्या पुन्हा घासत बसले.

ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. चळवळीमुळे कॉलेजं बंद पडली होती आणि मी नागपूरहून ट्रंक घेऊन अमरावतीला परत आले होते. पाऊस अतोनात झाला होता. श्रावणात अकोल्याहून तार आली की टांग्यांचे घोडे पडताहेत, सलोत्री पाठवा. तुम्ही मला बरोबर घेतलंत, कारण तुमचं इंग्रजी रिपोर्टापुरतंही धड नव्हतं आणि माझं बरं होतं. "घरी मायसंग भांडन्यापेक्षा चाल, माह्या कामी तरी येशीन," एवढंच म्हणालात. मी खूश होते, हे सांगायला आज लाज वाटते. मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला पितळी मुठीचं भिंग दिलं होतं आणि त्याबरोबर एक नियम. "पोरी, आधी पाह्याचं. मंग लिवाचं. नाव सगळ्यात शेवटी द्याचं. नाव आधी देलं का डोये आंधये होतात." मी तो नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. पुढे कितीतरी वर्गांना तोच शिकवला. तो कोणाचा, हे एकाही मुलीला सांगितलं नाही.

अकोल्यात टांगाअड्ड्याच्या मागे विटांसाठी माती काढून काढून झालेले खड्डे होते. त्या वर्षी ते काठोकाठ भरले होते. डुकरं त्यात लोळत, काठावर बगळे उभे, आणि घोडे तिथेच खुंट्यांना बांधलेले. पहिला घोडा मला अजून दिसतो. डोकं भिंतीला टेकवून उभा आहे, जणू भिंत ढकलतो आहे. खालचा ओठ लोंबतो आहे. तोंडात गवताची काडी आहे आणि ती चावायची असते हे तो विसरून गेला आहे. मागचे पाय एकमेकांत अडकतात. तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर बोटं नेता, तो पापणी हलवत नाही. म्हातारा टांगेवाला तुमच्या मागून सांगतो, "सलोत्रीसाब, ये कुमरी है. हवा का मार है, कमर गई इसकी." आणि तुम्ही मागे न वळता म्हणता, "हवेनं घोडे पडले असते मियाँ, तं वऱ्हाडातले टांगे आमी मानसांनीच ओढले असते." सगळे हसतात. म्हाताराही हसतो, डोळे पुसत हसतो. मी तुमच्याकडे पाहते आणि मला वाटतं, माझ्या बापासारखा माणूस अख्ख्या प्रांतात नाही.

घोड्याच्या कानातून रक्ताचा थेंब काढून तुम्ही तो काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. माशीमुळे होणारा सरा नावाचा रोग असता तर रक्तात वळवळणारे जंतू दिसले असते. ते नव्हते. कडबा उकलून पाहिला, त्याला बुरशी नव्हती. इथवर तुम्ही तुमचा नियम पाळलात. मग चौथ्या घोड्याने पडता पडता मालकाच्या दंडाला दात लावले, आणि कोणीतरी म्हणालं की अड्ड्यावर मागे एक पिसाळलेलं कुत्रं फिरत होतं. झालं. तुम्हाला नाव मिळालं. पहिल्या मेलेल्या घोड्याचा मेंदू ग्लिसरीनच्या बरणीत घालून तुम्ही पहाडावरच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवला खरा, पण उत्तराची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी मला रिपोर्ट लिहायला बसवलंत. घोडे पिसाळले आहेत, आजारी दिसेल त्याला गोळी घालावी. वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' छापलेला कागद, त्यावर माझं अक्षर, खाली तुमची सही. दंडाला दात लागलेला तो मालक आणि घोड्याला हाताने औषध पाजणारा दुसरा एक, अशा दोघा टांगेवाल्यांना पोटात चौदा सुया घ्यायला सरकारी दवाखान्यात पाठवलंत. ते बरोबर केलंत. ज्याला पिसाळ वाटते त्याने तेच करायला हवं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी मात्र लिहीत राहिले. कोणाचा घोडा, कुठे बांधलेला, कधीपासून खात नाही, कोणत्या बाजूला वळतो. गोळी पडली की ओळ तिथेच तुटायची, आणि मी पुढे आडवी रेघ मारायची. अशा पाच रेघा. पाचही घोडे खड्ड्यांकाठी बांधलेले. मोरणा नदीच्या पलीकडे एका बोळात चार टांगेवाले राहत, ते तिन्हीसांजेला कडुनिंबाचा ओला पाला जाळून तबेल्यात धूर कोंडत. त्यांचा एकही घोडा आजारी नव्हता. आणि दिवसभर त्यांचे घोडे त्याच अड्ड्यावर, त्याच कुत्र्याच्या वाटेवर उभे असत. कुत्रं सगळ्यांना सारखंच होतं. वेगळा होता तो धूर.

जेवताना मी हे तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही वरणात भाकर चुरत होता.

"मंग तुह्यं म्हननं काय हाय?"

"मच्छर असेल, बाबा. जिथे धूर केला तिथे काही नाही."

"मच्छरानं मानसाले हिवताप येते. घोड्याले नाई येत."

"हिवताप नाही म्हणत मी. दुसरं काहीतरी."

"दुसरं म्हंजे काय? नाव सांग."

"नाव शेवटी द्यायचं ना?"

तुमचा हात ताटात थांबला. मग तुम्ही हसलात. "कालेज बंद पडलं तं मलेच पोट्टा करून शिकवून राहिली का?" तुमच्या हसण्यात मला सामील व्हायचं होतं, पण त्या दिवशी दुपारीच चौथी आणि पाचवी रेघ मारली होती.

मग पोळा आला. आत्या तुमची थोरली बहीण. तुमची आई गेली तेव्हा तीही पोरसवदाच होती. बाळापूरच्या मळ्यातली वांगी, मेथी, कोथिंबीर डोक्यावर घेऊन बाजारात बसून तिने तुम्हाला शिकवलं. तुमच्या सलोत्रीपणाच्या सर्टिफिकेटाला मेथीचा वास येतो असं ती थट्टेने म्हणायची आणि तुम्हाला ते आवडायचं. पुढे तिने एक लहानखुरी तांबडी घोडी घेतली, मागचा उजवा पाय पांढरा, आणि गाडीतून अकोल्यापर्यंत भाजी नेऊ लागली. नवरा नव्हता, मूल नव्हतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. बैलांना ते म्हणून झालं की आत्या घोडीकडे वळायची आणि तिच्याही खांद्यांना हळद लावायची. शेजारणी हसत. "घोडीचा कुठं पोळा असते वं?" आत्या म्हणे, "बैल मळ्यात राबते, हे रस्त्यानं राबते. मंग हिनं कोनाचं घोडं मारलं?"

त्या वर्षी त्या सणानेच घात केला. पोळ्याच्या दिवसांत बैलांना जुंपत नाहीत, म्हणून सगळी ओझी घोडीवर आली. सणाचा बाजार मोठा, म्हणून आत्या तीन दिवस अकोल्यालाच आपल्याकडे मुक्कामाला राहिली आणि घोडी खड्ड्यांकाठी बांधली गेली. बाळापूरला ती गोठ्यात रोज धूर करायची. इथे कोण करणार? मी तिला सांगू शकले असते की घोडी तिथे बांधू नको. सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला होता आणि माझा माझ्याच वहीवरचा विश्वास डळमळला होता. आठवड्याने आत्याचा निरोप आला की घोडी गव्हाणीत डोकं घालून उभी आहे आणि ओळख देत नाही.

आपण दोघे गेलो. तुम्ही घोडीला पाहिलंत. मग आत्याला म्हणालात, "आक्का, हे कोनाले सांगू नको. दार लावून घे." मला म्हणालात, "तू इथं राह्य. पाह्य अन् लिव." पाच टांगेवाल्यांना जी सवलत दिली नव्हती ती तुम्ही बहिणीला दिलीत. ते अन्यायाचं होतं, पण त्यामुळे एक गोष्ट झाली. एका घोड्याच्या पुढची ओळ तुटली नाही.

मी लिहिलं. पहिला दिवस, डावीकडे गोल फिरते, ओठ लोंबलेला. दुसरा दिवस, पडली, पाय झाडते, अंग तापलेलं. तिसरा दिवस, तसंच, आत्या ज्वारीची पेज करून तिच्या तोंडात हाताने घालते, अर्धी बाहेर येते. चौथा दिवस, पाय झाडणं कमी. आत्याच्या बोटांवर वांगी तोडताना लागलेले काटे, ठिकठिकाणी चिरलेली कातडी, आणि तो हात मनगटापर्यंत घोडीच्या लाळेत. मी तिला म्हणाले, आत्या, हात घालू नको. ती म्हणाली, "मंग काय चमच्यानं चारू? ते काय तहसीलदारीन हाय?" पाचव्या दिवशी सकाळी घोडीने मान उचलली आणि घमेल्यातलं पाणी प्यायली. घोट घोट, आवाज करत. आत्या माझ्याकडे पाहत राहिली.

"पोरी, पिसायलं जनावर पानी पेते का?"

"नाही. त्याला गिळताच येत नाही."

"मंग?"

"मग ही पिसाळलेली नाही."

"हे तुह्या बापाले सांग," ती म्हणाली. "तुह्यं आयकते तो."

सातव्या दिवशी भर दुपारी तुम्ही आलात. तुमच्यामागून बंदूक घेतलेला शिपाई उतरला. अकोल्यात बोभाटा झाला होता की आमच्या घोड्यांना गोळ्या आणि सलोत्र्याच्या बहिणीची घोडी गोठ्यात पेज पिते. बोलणाऱ्यांचं काय चुकलं होतं? दुसऱ्या दिवशी नागपूरचे मोठे साहेब पाहणीला यायचे होते. घोडी उभी होती. मागचे पाय डुगडुगत होते, पण उभी होती, आणि तुमची चाहूल लागताच तिने कान पुढे केले. तुम्ही तिचे डोळे पाहिलेत. जबडा उघडून जीभ पाहिलीत, उघड्या हाताने. मी पुढे झाले.

"बाबा, ही पिसाळलेली नाही. पिसाळलेलं जनावर सातव्या दिवशी उभं राहत नाही."

"चूप बस."

"तुम्हीच शिकवलंत मला."

"चूप बस म्हनलं ना."

मग मी विचारलं, "आत्याने पाच-सहा दिवस हिच्या तोंडात हात घातलाय. हाताला चिरा आहेत. तिला सुया टोचायला कधी नेता?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. शिपायाकडेही नाही. घोडीच्या पांढऱ्या पायाकडे पाहत म्हणालात, "तिले काई गरज नाई."

बाबा, हे चार शब्द मी आयुष्यभर बरोबर वागवले. तुमची चूक मी कधीच माफ केली असती. त्या काळात त्या आजाराचं नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं, सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नव्हता, आणि कुत्र्याची गोष्ट खरी वाटण्यासारखी होती. चुकीवर माझा राग नाही. पण ज्या बहिणीने तुम्हाला वाढवलं तिला तुम्ही सुयांना नेलं नाहीत, स्वतःचा हात धुवायलाही पाणी मागितलं नाहीत, म्हणजे तुम्ही चुकलेले नव्हताच. तुम्हाला कळलेलं होतं. कळूनही तुम्ही शिपायाला मान हलवून खूण केलीत, कारण ही एक घोडी जगली असती तर आधीच्या पाच घोड्यांचा जबाब द्यावा लागला असता. घोडीची म्होरकी आत्याने स्वतः सोडली, कारण ती म्होरकी तिने स्वतः वळली होती. म्हणाली, "तू डाक्टर हायेस बापू. तू म्हन्तं तं असंन." नंतर तुम्हाला हात धुवायला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी त्या क्षणी तुमचा तिरस्कार केला. शब्द जपून वापरते आहे, शिक्षिका आहे.

तुम्ही अमरावतीला परत गेलात. बाळापुरात काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत, मी पाहिलं, कारण मी आणखी काही दिवस आत्याजवळ राहिले. सरकारी कागदावर घोडी पिसाळलेली होती. त्या घोडीच्या तोंडात हात घालणारी बाई सुया न घेता बाजारात वांगी घेऊन बसत होती. आठवड्याच्या बाजारी मी तिच्या पाटीजवळ बसले आहे. वर्षानुवर्षं तिच्याकडूनच भाजी नेणारी बाई येते, वांगं हातात घेते, मग आठवण होऊन परत ठेवते. "राहू दे माय, घरात लेकरं हायेत," म्हणते आणि लुगड्याला बोटं पुसते. पोरांची टोळी पाण्याचा गडवा घेऊन येते आणि चार हातांवर थांबते. "आत्याबाई, पानी पेता का? पिऊन दाखवा ना." पिसाळलेला माणूस पाण्याला भितो, हे पोरांनाही माहीत असतं. कोणीही मोठं माणूस त्यांना हाकलत नाही, कारण सगळ्यांनाच पाहायचं आहे. आत्या उठते, गडवा घेते आणि तोंड वर करून भरल्या बाजारात सगळं पाणी पिते, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत. मग खाली बसते. म्हणते, "झालं? आता कोनाले काय पाह्यजे थे बोला. वांगे कवळे हायेत."

पुढच्या बाजारापासून ती स्वतःच घरून तांब्या आणू लागली. पाटी मांडायची, चार लोक जमेपर्यंत थांबायचं, तांब्या तोंडाला लावायचा, मग भाजीला हात घालायचा. दुसरा पोळा येईपर्यंत तिने हे केलं. तोवर लोकांना खात्री पटली, किंवा कंटाळा आला. अकोल्याला ती पुन्हा कधी गेली नाही. तुमच्याबद्दल वाईट शब्द तिने काढला नाही, आणि मी काढला की मला गप्प करायची. ती गेली तेव्हाही तिच्या उशाशी तो तांब्या होता. आता तो माझ्याकडे आहे.

त्या लेखात शेवटी आणखी एक गोष्ट होती. हा आजार ओळखायचा कसा? जनावर मेलं तर मेंदू वेळेत आणि नीट पोचवावा लागतो, आणि तरी विषाणू सापडेलच असं नाही. जनावर वाचलं तर ओळखणं सोपं. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यायचं. आजाराशी लढल्याची खूण त्या रक्तात वाढत गेलेली दिसते आणि पुढे कित्येक वर्षं राहते. म्हणजे खरं काय झालं होतं ते सांगू शकणारं एकच जनावर अख्ख्या अकोल्यात आणि बाळापुरात होतं. ते सातव्या दिवशी उभं होतं आणि तुम्हाला ओळखत होतं.

इथे पत्र संपवायला हवं होतं. मी परवापासून तीनदा इथेच संपवलं आणि तीनदा पुन्हा बसले. उरलेलं लिहिते.

तुम्ही तिवशाला बदली होऊन गेलात आणि तिथेच वारलात. तुमच्या दप्तराची पेटी आईने मला उघडायला लावली. त्यात पहाडावरच्या प्रयोगशाळेचं उत्तर होतं. मेंदूत पिसाळीची खूण आढळली नाही, असं लिहिलेलं. ते दसऱ्यानंतर आलं होतं. त्याला टाचणीने एक कागद जोडलेला होता, तुमच्या अक्षरात, तुमच्या मोडक्या इंग्रजीत. मागील रिपोर्ट चुकीचा होता, अशी सुरुवात. बाळापूरची घोडी पिसाळलेली नव्हती, तिला हात लावणाऱ्या बाईपासून कोणालाही धोका नाही, हे तिथल्या लोकांना कळवावं, असं पुढे. मग, घोडीने पाणी प्यायलं तो दिवस, आणि पुढे रिकामी जागा. उभी राहिली तो दिवस, रिकामी जागा. आजारी घोडे बांधण्याचं ठिकाण, धूर करणाऱ्यांचे घोडे, रिकामी जागा, रिकामी जागा. खाली सही नाही.

आता तो दिवस. दिवाळीची सुट्टी संपली आहे, कॉलेज सुरू झालं आहे, मी नागपूरला परत निघाले आहे. माझी ट्रंक माजघरात बांधून ठेवलेली आहे आणि बडनेऱ्याला स्टेशनवर नेणारा टांगा यायचा आहे. दोन महिने मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले आहे. तुम्ही येता आणि ट्रंकेवर बसता. खाटेशिवाय कुठे न टेकणारा माणूस ट्रंकेवर बसतो, हे मला विचित्र वाटतं, पण मी विचारत नाही.

"तुही थे वही कुठं हाय?" तुम्ही म्हणता. "घोड्यांची."

"कशाला?"

"पाह्याची होती."

"फाडून टाकली."

तुम्ही माझ्याकडे पाहता. "कवा?"

"घोडीला गोळी घातलीत, त्याच दिवशी."

तुम्ही मान हलवता. ट्रंकेच्या झाकणावर दोन बोटं वाजवता, मग हात मांडीवर घेता. "बरं," म्हणता. बाहेर टांगा येऊन थांबतो. आत्या त्या आठवड्याच्या बाजारातही पाणी प्यायली असणार.

हे पत्र मी वहीत ठेवते आहे. कितवा दिवस, कोणती बाजू, किती रेघा, हे सगळं मला पाठ आहे असं तुम्हाला वाचताना वाटलं असेल. पाठ काहीच नाही, मी बघून लिहिलं. वही मी कधीच फाडली नव्हती. ती ट्रंकेत सगळ्यात वर, पातळाखाली होती, आणि तुम्ही तिच्यावरच बसला होता.